डांबराखालचं मीठ

“बाबा, रोरी परत येणार नसेल, तर ही गाडी तुम्ही कुणासाठी तेलात ठेवताय?”

इशबेलनं विचारून टाकलं आणि आता आभाळच कोसळणार अशा तयारीनं खांदे आक्रसून उभी राहिली. काही कोसळलं नाही. बाबांनी तेलाच्या डब्यात काठी फिरवली, वर उचलली, टोकावरून तेल कसं निथळतंय ते पाहिलं आणि म्हणाले, “घट्ट झालंय. चुलीवरची किटली आण. डबा गरम पाण्यात ठेवू.”

झालं. एवढंच उत्तर. आणि तो एक प्रश्न विचारण्यासाठी तिनं आठवडाभर न्हाणीघराच्या आरशासमोर तालीम केली होती!

पैज लागली होती शाळेच्या बसमध्ये. ब्रिजिट म्हणाली होती, “तुझी छाती नाही व्हायची. अख्ख्या ग्लेनमध्ये कुणाची झाली नाही. माझ्या आजीनं एकदा तुझ्या आईला विचारलं, रोरी कधी येतोय म्हणून, तर तुझ्या आईनं तिला काकवीच्या केकची कृती सांगितली.”

“पूर्ण कृती,” जेनेल म्हणाली. “ओव्हन किती तापवायचा तेसुद्धा.”

“मी विचारते की नाही बघ.”

“तू? मागच्या वर्षी हजेरीला ‘हजर’ म्हणताना तुझा आवाज बाईंपर्यंत पोचत नव्हता.”

ते खरं होतं, पण ते मागच्या वर्षी. यंदा इशबेलला कंठ फुटला होता. उन्हाळ्यात तिनं वेणी कापली, शाळेच्या सभेत माईकसमोर उभी राहून न अडखळता बोलली, आणि गाडी चालवायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. तिच्या थोरल्या भावाला, रोरीला, ती दोनदा द्यावी लागली होती. तेव्हापासून तिला वाटायचं की जगात अशी एकही गोष्ट नाही जी नीट उभं राहून, मोठ्यानं विचारली तर कळणार नाही. पैज हीटरजवळच्या सीटची होती. इशबेलनं विचारलं तर हिवाळाभर ती सीट तिची. ब्रिजिटच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी इस्टेट नव्हती.

पण प्रश्न विचारला तर जिंकलं, एवढंच ठरलं होतं. उत्तर नाही मिळालं तर काय, ते कुणी ठरवलंच नव्हतं.

ती किटली घेऊन आली. बाबांनी घमेल्यात पाणी ओतलं, डबा आत ठेवला, आणि दोघं वाफेकडे बघत उभे राहिले.

ऑक्टोबरात पाऊस थांबून चार दिवस कोरडा वारा सुटला, की ग्लेनमध्ये, दरीतल्या या गावात, कुणाला काही सांगावं लागत नाही. दारोदार गाड्या लाकडी उतारांवर चढतात आणि गाड्यांखालून बूट बाहेर दिसायला लागतात. बर्फ पडायच्या आत गाडीच्या पोटाला तेल पाजायचं. पातळ तेल, चेनसॉच्या साखळीला घालतात ते, आणि त्यात मेंढीच्या लोकरीची चरबी. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळ नळकांडीत लांब नळी घालून आतून, मग बाहेरून, दारांच्या तळाशी, चाकांवरच्या कमानींत. आणि तेल ओलं आहे तोवर गाडी काढायची नि मागच्या मातीच्या रस्त्यावर सुसाट पळवायची. धूळ उडते, तेलाला चिकटते, आणि पोटावर राखाडी साल धरते. त्या सालीतून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरत नाही. तेलाच्या शनिवारी ग्लेनमधल्या बायका कपडे वाळत घालत नाहीत, आणि कुणी घातलेच तर त्या घरात नवी सून आलीय असं समजायचं.

मीठ टाकणारे इशबेलचे बाबाच. इकडे मॅकिसॅक आडनावाचे इतके, की दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी मॅकिसॅकलाच लागेल, म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटलेलं. बाबा म्हणजे मीठवाला ॲलेक. हिवाळाभर पहाटे उठून सरकारी ट्रक काढायचा, पुढून बर्फ लोटायचा, मागून बर्फ वितळवणारं मीठ पेरायचं. दुकानात लोक म्हणायचे, “ॲलेक, रोगही तूच देतोस आणि औषधही तूच सांगतोस!” बाबा त्यावर फक्त टोपी सारखी करायचे. घरात दोन वाक्यांवर न जाणारा हा माणूस गंजाबद्दल मात्र बोलायचा. दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी अख्ख्या ग्लेनला शिकवलं होतं: तेल लावा, दरवर्षी लावा, कंटाळा आला तरी लावा, पण डांबर फासू नका. डब्यात मिळतो तो काळा लेप दिसायला देखणा, एकदा फासला की काम संपलं असं वाटतं. पण आत ओल राहिली असेल तर ती कायमची कोंडते. चासीला खालून भोकं असतात, पाणी निथळायला. डांबरानं ती बुजतात. “भोकं बुजली की गाडी मेली,” बाबा म्हणायचे. “वरून चकाकते आणि आतून मरते.”

रोरीनं हे पाठ केलं होतं. रोरीच्या मागे मागे गाडीखाली रांगत इशबेलनंही.

रोरी चार वर्षांपूर्वी पश्चिमेला गेला, अल्बर्टाला, तेलखाणीच्या कामावर. इथली सगळीच पोरं जातात. एक हिवाळा काढतो आणि येतो, म्हणाला. जाताना पिकअपची किल्ली बाबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “हिच्याकडे बघा हं, बाबा.” तेव्हापासून ती लाल पिकअप कोठाराच्या कडेला गवतावर उभी, अडीनडीलाच रस्त्यावर. दर ऑक्टोबरात तिला पहिलं तेल. मग आईच्या गाडीला. मग, उरलंच तर, बाबांच्या स्वतःच्या.

रविवारी रोरीचा फोन यायचा. आधी दर रविवारी, मग एकाआड एक. बाबा फोन कानाला लावून उभे राहायचे. “हं. इकडे थंडी. हं. तिकडेही का? हं. आईला देतो.” आई त्याला हवामान सांगायची. सगळं हवामान. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपलाच असून आपला राहत नाही ना, तसं घर झालं होतं. दुखत नव्हतं कुणाचंच. चावलं तरी कळत नव्हतं.

“ॲलेक!” कुंपणापलीकडून शेजारी जो आर्सेनो ओरडला. तो स्वतःच्या गाडीखालून नुकताच सरपटत बाहेर आला होता आणि भुवयांपर्यंत तेलानं माखला होता. त्याचं छोटं गॅरेज होतं, पण तेलाच्या शनिवारी तोही सगळ्यांसारखा अंगणातच. “अरे, त्या पोरीला घालतोस का खाली? तुझा खांदा अजून तसाच?”

“तसाच,” बाबा म्हणाले.

“इशबेल, तोंड मिटून ठेव गं बाई खाली! तुझं तोंड उघडं असतं नेहमी, सगळं तेल पोटात जायचं!”

“तुमच्या तर गेलंयच वाटतं, जोकाका! बोलणं बघा कसं सुळकन घसरतंय!”

जो खदाखदा हसला. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी काही म्हटलंही नाही. तेलापासून डोळे वाचवायचा चष्मा तिच्या हातात दिला आणि मग, दुसरीकडे बघत, म्हणाले, “हिला वरवर मार फक्त. आत नळी घालू नकोस.”

“का? आतच तर घालायची असते.”

“यंदा नको.”

“पण का?”

“नको म्हटलं ना.”

इशबेल पुठ्ठा पसरून पाठीवर झोपली आणि सरकत पिकअपखाली गेली.

आणि तिला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच गाडीखाली शिरलो. लहानपणापासून तिला हे पोट माहीत होतं: राखाडी, खरबरीत, म्हाताऱ्या कासवाच्या पाठीसारखं. आता ते काळंशार होतं. गुळगुळीत. इस्टरला घालायच्या नव्या बुटांसारखं चकाकत होतं. तिनं बोट लावलं. बोट घसरलं. तिनं तेल फवारून पाहिलं, तर ते नुसतेच थेंब होऊन तिच्या बाहीवर टपटपलं.

डांबर.

“बाबा, हे कुणी केलं?”

तिला तिथून फक्त त्यांचे बूट दिसत होते. बूट हलले नाहीत.

“जोकाकांनी? बाबा? कुणीतरी डांबर फासलंय इथं! सगळीकडे! भोकंसुद्धा...” ती नखानं चाचपत गेली. जिथं भोक असायला हवं तिथं काळी टिकली. पुढे आणखी एक. “भोकं बुजलीत बाबा!”

बूट तसेच.

मग तिला कळलं. कळलं, तरी आत काहीच झालं नाही, तेच तिला चमत्कारिक वाटलं. ज्या माणसानं ग्लेनला शिकवलं, त्यानंच. दुसऱ्या कुणी या गाडीला हात लावणं शक्यच नव्हतं.

पुठ्ठ्यावर हातोडी आणि पेचकस होते. चासी तपासायची तर ठोकून पाहायची, हे पोरासोरांनाही ठाऊक. चांगलं लोखंड खणखणतं.

“ठोकू नकोस,” बाबा म्हणाले.

तिनं पुढच्या चाकापाशी ठोकलं. खण्ण. थोडं मागे. खण्ण. “इशबेल, नको.” आणखी मागे, सीटच्या खाली. खण्ण. मागच्या चाकापाशी, जिथं चासी वर वळते तिथं तिनं ठोकलं आणि आवाज आला, थप्प. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिनं पेचकस टेकवला. जोरसुद्धा नाही लावला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

ओढून काढला तशी त्यामागून तपकिरी पाण्याची बारीक धार आली आणि तिच्या गालावरून ओठात उतरली. खारट. कचकचीत खारट. मार्चात आईची गाडी बंद पडली होती, तेव्हा महिनाभर हीच पिकअप रस्त्यावर होती. बाबांनीच पेरलेलं मीठ बाबांनीच आत कोंडून ठेवलं होतं.

ती थुंकली. मग तशीच पडून राहिली. धार थांबली, नि थेंब पडायला लागले.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. बुटांच्या शेजारी आईच्या घरातल्या लोकरी सपाता येऊन उभ्या राहिल्या.

“चहा निवतोय,” आईचा आवाज. “काय झालं?”

बुटाचं एक टोक गवतात रुतलं.

“ॲलेक, काय झालं?”

“कुजलीय,” बाबा म्हणाले.

“कुठे?”

“मागे. डाव्या अंगाला.”

“आई, डांबर फासलंय!” इशबेल खालून ओरडली. “बाबांनी! कधी फासलंत बाबा?”

बूट एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. “मे महिन्यात.”

“न धुता?”

“पाऊस होता.”

“ओल्यावर?”

“हो.”

सपाता जराशा वळल्या, बुटांकडे. “मे,” आई म्हणाली, आणि मग, “इस्टरला त्याचा फोन आला होता. तू बाहेर ओसरीवर जाऊन बोललास.”

“हं.”

“विकून टाका म्हणाला ना तुला? गाडी?”

पिकअपच्या पोटातून एक थेंब पडला, टप.

“तुला कसं माहीत?” बाबांनी विचारलं.

“मलाही म्हणाला. जूनमध्ये. बाबा काही बोलत नाहीत, तू सांग म्हणाला. घर घेतलंय तिकडे त्यानं. ती मुलगी आहे ना, डॅनिका, तिच्याबरोबर.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

एवढंच. ना आवाज चढला, ना कुणी रडलं. गवतावर एक जोडी बूट आणि एक जोडी सपाता, मध्ये वीतभर अंतर. कुंपणापलीकडे जोची गाडी सुरू झाली आणि तो हॉर्न वाजवत मातीच्या रस्त्याकडे निघाला. धुळीचा पहिला लोट उठला.

“चहा निवतोय,” आई पुन्हा म्हणाली, आणि सपाता परत गेल्या. काही वेळानं बूटही गेले.

इशबेल बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना जीव नव्हता. थंडीनंच. तिनं हात काखेत घातले. तिला वाटलं होतं, प्रश्नाचं उत्तर मिळालं की धडाड्कन काहीतरी होईल. तिनं उत्तर ऐकलं होतं, आडवं पडून, तेलात भिजून, तोंडात मीठ धरून. आणि मनात विचार काय आला? की ब्रिजिटला आता हीटरजवळची सीट सोडावी लागेल. तिला स्वतःचीच शिसारी आली, आणि तीसुद्धा पुरती आली नाही.

जो आर्सेनो परत आला, गाडीच्या पोटावर राखाडी साल मिरवत. तिनं त्याला हाक मारली. तो कुंपण ओलांडून आला, खाली शिरला, आणि दोनदा थप्प, एकदा खण्ण वाजलं. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पडलेलं होतं.

“सरकारी तपासणीला पास नाही व्हायची ही. आणि पास झाली तरी मी कुणाला बसू देणार नाही हिच्यात. खड्ड्यात चाक गेलं की कंबर मोडेल तिची.” त्यानं घराकडे पाहिलं. “ॲलेकनं केलं हे? आपल्या ॲलेकनं?”

“हो.”

“माझ्या बापाशी भांडला होता तो डांबरावरून. बर्फात उभं राहून.” जोनं टोपी काढली नि पुन्हा घातली. “कापून नवा तुकडा जोडता येतो. बाकीचं लोखंड चांगलं आहे अजून. पण आधी ते सगळं डांबर खरवडायला हवं, इंच न् इंच. हिवाळा जाईल त्यात. आणि कुणासाठी करायचं ते?”

“हाच तर प्रश्न होता माझा,” इशबेल म्हणाली.

घरात बाबा खिडकीपाशी बसले होते. चहावर साय धरली होती. आई ओटकेक, ओटची जाड बिस्किटं, थाळीत लावत होती, एकावर एक, आणि रचलेले पुन्हा काढून पुन्हा लावत होती. इशबेलनं रोरीला फोन लावला. इथं दुपार म्हणजे तिथं सकाळ. आज रविवार नव्हता, म्हणून तो दचकलाच.

“काय गं, काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“सगळे बरे आहेत. सगळे इतके बरे आहेत की विचारू नकोस. रोरी, तू परत येणारेस का?”

तिकडे कुणीतरी कप ठेवला. लांब कुठेतरी एका मुलीचा आवाज आला, कोण आहे म्हणून.

“हे काय एकदम?”

“पैज लागलीय.”

“काय?”

“येणारेस का? हो किंवा नाही. हवामान सांगितलंस तर फोन ठेवीन.”

तो हसला, जरासा. मग हसणं थांबलं. “नाही गं. नाही येणार. म्हणजे भेटायला येईन. राहायला नाही.” आणि घाईघाईनं, “मी सांगितलं होतं बाबांना. इस्टरलाच. गाडी विकून टाका म्हटलं. विकली ना?”

“नाही.”

“का?”

“डांबर फासलंय तिला. खालून सगळ्या.”

“कुणी?”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“इशबेल, कुणी? जोनं?”

“बाबांनी. मे महिन्यात. ओल्यावर, न धुता. भोकं बुजवून.”

मग रोरी म्हणाला, “बाबांनी?” आणि तो आवाज अल्बर्टातल्या घर घेतलेल्या माणसाचा नव्हता, गाडीखाली रांगणाऱ्या पोराचा होता. पुन्हा म्हणाला, “आपल्या बाबांनी?”

“हं,” इशबेल म्हणाली, आणि तिला ऐकू आलं की हा ‘हं’ हुबेहूब बाबांचा आहे. तिला ते मुळीच आवडलं नाही. तिनं घसा साफ केला. “चासी कुजलीय मागे. भंगारात जाईल नाहीतर. मला दे ती.”

“तुला? तू काय करणार? तुला ती...”

“मी पहिल्या फटक्यात पास झालेय. तू दोनदा.”

“हे तू मरेपर्यंत सांगणार का?”

“हो. देतोस का?”

“घे,” तो म्हणाला. “कागद पाठवतो सही करून.” आणि मग, “ते... ते ठीक आहेत का गं? खरंच?”

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाबांनी फोनकडे पाठ केली होती, पण ते ऐकत होते. मानेवरून कळत होतं.

“तूच विचार त्यांना. उद्या रविवार आहे. हवामान सोडून काहीतरी विचार.”

तिनं फोन ठेवला. आई ओटकेकांची थाळी घेऊन उभी होती. बाहेर मातीच्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाची तरी गाडी सुसाट गेली आणि धूळ खिडकीपर्यंत येऊन बसली.

इशबेलनं हात धुतले. तेल निघालं, डांबराचे काळे डाग नखांत राहिले. ती टेबलापाशी येऊन बसली, थाळी आईच्या हातातून घेऊन मधोमध ठेवली, आणि दोघं बसेपर्यंत थांबली. आई बसली. बाबा खिडकीपाशीच होते.

“बाबा, इकडे या.”

ते आले. बसले. चहाच्या सायीकडे बघत राहिले.

“मी ठरवलंय,” इशबेल म्हणाली, सभेत बोलली होती त्याच आवाजात, फक्त इथं माईक नव्हता. “पिकअप माझी. रोरीनं दिली. सोमवारी मी शाळेच्या वर्कशॉपात वेल्डिंगच्या वर्गाला नाव घालतेय, आणि पुढच्या शनिवारपासून ते डांबर खरवडायला घेतेय. सगळं. आधी भोकं उघडणार, आत आहे ते मीठ वाहून जाऊ दे. मग कुजलेलं कापणार आणि तिथं नवं लोखंड जोडणार. शेवटचा हात जोकाकांचा, तपासणी त्यांनीच करायची. ती गवतावर उभी राहायची नाही आता. पुढच्या हिवाळ्यात मी तिला रस्त्यावर काढणार बाबा, तुम्ही टाकलेल्या मिठात, रोज. आणि पुढच्या ऑक्टोबरात मी खाली तेल मारत असेन तेव्हा तुम्ही दोघांनी बाहेर उभं राहायचं नाही. खाली यायचं. पुठ्ठा मी मोठा आणीन.”